परवान्यात ३० इंच, टेबलावर २८ इंच १ सूत

दुकानदारांनी बंदूक कापडावर आडवी ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "नळ्या बदलल्यात म्हणतात. तुम्ही मोजा."

माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. बंदुकीचा परवाना माझ्याकडे नाही, शिकार कधी केली नाही. मोजायचं कसं ते कळतं, आणि जुन्या इंग्रजी बंदुकांवरचे ठप्पे वाचायचा नाद गेल्या पंधरा वर्षांत लागला आहे. त्यामुळे हे दुकानदार कुठे अडले की फोन करतात. दुकान सिंधुदुर्गातलं, परवानाधारक. जे काही पाहिलं-मोजलं ते त्यांच्याच टेबलावर, त्यांच्यासमोर.

बंदूक मालवण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या घरातली. बारा बोअरची दुनळी, बिनघोड्याची, मोडून काडतूस भरायची; सरकारी भाषेत डीबीबीएल. अर्जदाराच्या आजोबांनी ती पिकाच्या राखणीसाठी घेतली होती. आमच्याकडे अशा बंदुका अजून वाडीवाडीतून आहेत. माकडं, रानडुकरं आली की बार काढायचा, निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की जाऊन आणायची. या घरचे वडील गेल्या वर्षी वारले. परवाना माणसाच्या नावावर असतो. माणूस गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावी लागते. मुलाने ती दुकानात जमा केली आणि वारस म्हणून अर्ज टाकला.

पडताळणीत दोन आक्षेप निघाले. परवान्यात नळीची लांबी ३० इंच लिहिलेली, आणि पट्टी लावली तर २८ च्या आसपास. शिवाय दोन नळ्यांमधल्या वरच्या पट्टीवर कलकत्त्याच्या दुकानाचं नाव कोरलेलं, पण खाली ठप्पे बर्मिंगहॅमचे. यावरून शेरा मारला गेला: मूळ नळ्या काढून दुसऱ्या बसवल्याचा संशय.

मुलाचं म्हणणं वेगळं होतं. "काका, ही कारकुनाची चूक. कुणीतरी २८ चे ३० केले." त्याने मोबाइलवर बरंच वाचून ठेवलं होतं. लंडनचे बंदूक बनवणारे रॉबर्ट चर्चिल यांनी १९२० च्या दशकात २५ इंची नळ्यांचा पुरस्कार केला, म्हणजे आखूड नळी मूळचीही असू शकते, हे त्याने मला ऐकवलं. खरंच आहे ते. २८ इंच तर इंग्लंडमध्ये अगदी रुळलेली लांबी. तेव्हा नुसत्या लांबीवरून कुणालाच काही म्हणता येत नव्हतं, ना आक्षेप घेणाऱ्याला, ना त्याला.

"नळ्या मूळच्या आहेत का" हा प्रश्न मला नेहमी अडचणीत टाकतो, कारण त्यात तीन प्रश्न एकत्र बांधलेले असतात. या नळ्या याच बंदुकीबरोबर जन्मल्या का? त्यांची लांबी जन्मली तेवढीच आहे का? आणि आतला व्यास, काडतुसाचं घर, तोंड यांना कुणी हात लावलाय का? एकाचं उत्तर "हो" आलं म्हणून बाकीच्यांचं "हो" येत नाही. इथे तर तिन्ही उत्तरं तीन दिशांना गेली.

पहिला प्रश्न लवकर सुटला.

बंदूक मोडून नळ्या वेगळ्या काढल्या की त्यांच्या बुडाशी दोन सपाट जागा दिसतात. एरवी झाकलेल्या असल्यामुळे तिथले ठप्पे घासले जात नाहीत. ते ठप्पे असे: मुकुटाखाली बीपी, मुकुटाखाली बीव्ही, मुकुटाखाली एनपी. पतंगाच्या आकाराच्या चौकटीत १२ आणि त्याखाली सी. शिवाय १३ हा आकडा, चोक हा शब्द, आणि नायट्रो प्रूफची, म्हणजे बिनधुराच्या दारूच्या चाचणीची, १⅛ औंसाची ओळ. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून चालू आहे. तिथे नळीत जादा दारू भरून बार काढतात, टिकली तर ठप्पा मारतात. मुकुटाखाली बीपी-बीव्ही ही अक्षरं १९०४ पासूनची, आणि पतंगातली १२-सी ची खूण १९२५ पर्यंतची. तेव्हा ही बंदूक त्या दोन सालांमधली. पुढे कधी कुणी इंग्लंडात नळ्या बदलल्या असत्या तर नंतरच्या काळातले ठप्पे पडले असते. ते नव्हते.

तेराच्या आकड्याने दुकानदारांचा मुलगाही चमकला होता: "बारा बोअरवर तेरा कसा?" एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या तर एकीचा व्यास ०.७२९ इंच भरतो, तो बारा बोअर. तेरा पाडल्या तर ०.७१०. पतंगातला बारा हा काडतुसाच्या घराचा. बाहेरचा तेरा पुढच्या नळीचा, आणि त्याचा अर्थ आतला व्यास ०.७१० किंवा थोडा जास्त, पण ०.७१९ च्या आत. बारा बोअरच्या इंग्रजी बंदुकीवर तेराचा ठप्पा दिसणं अगदी रोजचं आहे.

आणि कलकत्ता? त्या काळी मँटन, रोडा अशी कलकत्त्याची मोठी दुकानं बर्मिंगहॅमहून तयार माल मागवून त्यावर आपलं नाव कोरून विकत. पट्टीवरचं नाव विकणाऱ्याचं, ठप्पा तपासणाऱ्याचा, आणि ज्याने घडवली तो कारागीर बहुधा कुठेच नसतो. आपल्या साडीच्या दुकानाच्या पिशवीवर विणकराचं नाव असतं का?

तरीही आक्षेप लेखी होता, तेव्हा आकडे तपासले. बंदुकीचा पाच आकडी क्रमांक चार ठिकाणी होता: नळ्यांच्या बुडाशी, त्या जिथे बसतात त्या पोलादी सांगाड्याखाली, पुढच्या लाकडाच्या लोखंडावर आणि चापाच्या कमानीवर. चारही सारखे. पण क्रमांक सारखा असणं मला पुरत नाही. कुणीही ठोकू शकतो. म्हणून भिंग लावून आकड्यांचा चेहरा पाहिला. त्यातल्या ७ च्या आडव्या रेघेचं डावं टोक तुटलेलं होतं, कपरा उडाल्यासारखं. नळ्यांवरच्या ७ चं तुटलेलं, आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावरच्या ७ चंही, त्याच जागी, तेवढंच. एकाच पंचाने, एकाच बाकावर, बहुधा एकाच दिवशी मारलेले आकडे. हे पाहिल्यावर मी चष्मा काढला आणि दुकानदारांना चहा सांगायला सांगितलं.

चहानंतर दोन गोष्टी उरकल्या. जुनं बूड ठेवून पुढे नव्या नळ्या घुसवायची एक पद्धत आहे. तसं केलं असेल तर बुडापासून साधारण तीन इंचांवर गोल सांधा दिसतो, बाहेर नाही तर आत. टॉर्च टाकून पाहिलं, सांधा नव्हता. मग बुडाला पातळ निळा रंग लावून नळ्या बसवल्या, मिटल्या, काढल्या. जुने कारागीर यासाठी दिव्याची काजळी वापरत. रंग नळ्या अडकतात त्या हुकापाशी आणि सांगाड्याच्या चेहऱ्यावर एकसारखा उमटला. दुसऱ्या बंदुकीच्या नळ्या घासून बसवल्या असत्या तर असा बसला नसता.

तेव्हा नळ्या याच बंदुकीच्या. मुलाचा चेहरा खुलला. मी म्हटलं, थांब.

लांबीचा प्रश्न मला आल्या आल्याच खुपत होता, कारण तोंडाकडून पाहिलं की दोन नळ्यांच्या मध्ये एक रुपेरी रेघ दिसत होती. दुनळीच्या नळ्या समांतर नसतात. बुडाशी जाड, म्हणून मध्यरेषा दूर, आणि तोंडाकडे जाताना एकमेकींकडे झुकत जातात. चांगल्या बंदुकीत तोंडाशी त्या एकमेकींना टेकतात किंवा टेकल्यासारख्या असतात. इथे नख शिरेल एवढी फट होती आणि ती कथलाच्या डाखाने बुजवलेली. नळीचं तोंड मागे कापलं की ही फट उघडी पडते. पण स्वस्तातल्या काही बंदुकांत फट मूळचीच असते. नुसत्या फटीवर कुणाला गुन्हेगार ठरवू नये.

आधी लांबी नीट घेतली. बुडाच्या चेहऱ्यापासून तोंडापर्यंत, काडतूस बाहेर ढकलणारा तुकडा धरायचा नाही. २८ इंच १ सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, हे मुंबईकर नातवंडांसाठी. इथेच मला पाल चुकचुकली. कारखानदार २८ करतो, ३० करतो. २८ आणि वर एक सूत हे हॅक्सॉ धरलेल्या माणसाचं माप वाटतं.

मग आतला व्यास. यासाठी कुडाळच्या एमआयडीसीतल्या जुन्या सहकाऱ्याकडून लांब दांड्याचा डायल बोअर गेज मागून आणला होता. इंग्रज बुडापासून ९ इंचांवर मोजत, मीही तिथेच मोजलं. उजवी नळी ०.७१४, डावी ०.७१६. दोन्ही तेराच्या ठप्प्यात बसतात. म्हणजे शंभर वर्षांत आतून घासून कुणी व्यास वाढवलेला नाही. खाऱ्या हवेचे बारीक खड्डे मात्र पडलेले होते.

आता तोंड. चोक म्हणजे नळीच्या शेवटच्या दोनेक इंचांत व्यास मुद्दाम आवळलेला, छर्रे लांबवर एकत्र जावेत म्हणून. पूर्ण चोक म्हणजे साधारण चाळीस थाऊ, अर्धा म्हणजे वीस; थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा हिस्सा. ठप्पा सांगत होता की प्रूफच्या दिवशी चोक होता. गेज तोंडाशी आणला तर उजवी नळी ०.७१४. मागे जेवढी तेवढीच. चोक गायब.

इथे घाई करणारा माणूस "कापली" असं लिहून मोकळा होईल. पण चोक जायचे दोन रस्ते आहेत. एक कापण्याचा, दुसरा आतून रीमर फिरवून मोठा करण्याचा. आमच्याकडे दुसरं कारणही सहज संभवतं: डुकरावर एकच शिशाची गोळी घालायची तर आवळलेलं तोंड धोक्याचं. १८७५ ते १८८७ दरम्यान बर्मिंगहॅमवाले अशा नळीवर "गोळीसाठी नाही" असं चक्क ठोकून देत. तेव्हा कुणी जाणत्याने रीमर मारून चोक काढला आणि नळी मूळची २८ आहे, ही शक्यता मुलाच्या बाजूची होती आणि मला ती शेवटपर्यंत तपासायची होती.

रीमर मारला असेल तर तोंडाशी भिंत एकदम पातळ होते. बाहेरचा व्यास तोच आणि आतून माल गेलेला. उजवीचा बाहेरचा व्यास तोंडाशी ०.७८६, एक इंच मागे ०.७८८. आतला वजा करून अर्धा केला तर भिंत तोंडाशी ३६ थाऊ, इंचभर मागे ३७. कुठे पायरी नाही, खड्डा नाही. भिंत आपल्या चालीने आली आणि तिथे संपली.

डाव्या नळीने तर सगळंच सांगितलं. तिला मी तीन वेळा मोजलं. ९ इंचांवर ०.७१६, तोंडापासून इंचभर मागे ०.७१६, आणि अगदी तोंडाशी ०.७१३. शेवटच्या पाच सुतांत तीन थाऊ आवळलेली. तीन थाऊचा चोक कुणी करत नाही. हे एका लांब उताराचं पहिलं पाऊल होतं. डावी नळी नेहमी लांब पल्ल्यासाठी, तिचा चोक जास्त, म्हणून उतार जरा मागून सुरू झालेला. करवत उताराच्या पायथ्याशी पडली आणि पायथा मागे राहिला. रीमर फिरला असता तर हा पायथाही साफ झाला असता.

खात्रीसाठी एक हिशोब केला, तो मला स्वतःला आवडला म्हणून सांगतो. दोन नळ्यांची मिळून रुंदी व्हर्नियरने घ्यायची, त्यातून दोघींचे व्यास वजा करायचे, उरते ती फट. तोंडाशी २७ थाऊ. ६ इंच मागे १११ थाऊ. इंचाला १४ थाऊ या वेगाने नळ्या जवळ येताहेत, तर २७ थाऊ मिटायला पुढे आणखी १.९ इंच हवेत. म्हणजे टेकण्याची जागा ३० इंचांवर. इतकं बरोबर आल्यावर मलाच शंका आली, कारण नळीचा निमुळतेपणा काही सरळ रेषेत नसतो. अहवालात मी "साडेएकोणतीस ते साडेतीस" एवढंच लिहिलं.

नेम धरायच्या पितळी मण्याकडूनही काही कळेल असं वाटलं होतं. तो काढून आटे पाहिले, जुने इंग्रजी आटे निघाले. पण कापलेल्या तुकड्यावरचा मणी काढून परत बसवला असेल तरी तेच दिसणार. तो मुद्दा बाजूला ठेवला. नळ्या दोरीला टांगून बोटाच्या पेराने वाजवल्या, तर घंटेसारखा टणत्कार यायच्या ऐवजी "घुं" आला. तोंडाकडची पट्टी कुठेतरी सुटलेली. तिथला डाख नवशिक्या हाताचा होताच, आणि खारा वारा कुणाला सोडतो?

मग मुलाला सांगितलं. कारकुनाची चूक नव्हती. ३० खरेच होते. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या काळात बंदूक पाहून किंवा बिलावरून कुणीतरी बरोबर लिहिलं, १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाल्यावर तोच आकडा नव्या नोंदीत उतरला आणि प्रत्येक नूतनीकरणाला पुढे गेला. इतक्या वर्षांत पट्टी कुणी लावली नाही.

तो गप्प झाला. त्याला वाटलं होतं मी त्याला सोडवीन. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे नळी आखूड करायलाही परवाना लागतो, हे त्याने मोबाइलवर वाचलेलं होतं. गुळगुळीत नळी २० इंचांच्या खाली गेली तर बंदूक नियमांतल्या वेगळ्या, जास्त कडक गटात जाते. ही त्याच्या खूप वर होती. पण "कधी कापली?" हा प्रश्न राहिलाच, आणि धातू त्याचं उत्तर देत नाही. कापलेला चेहरा पन्नास वर्षांचा की सत्तर वर्षांचा, हे सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

उत्तर घरातच होतं. वडिलांची धाकटी बहीण, वय ८२, ऐकायला कमी येतं. मुलाने विचारलं, "आते, आजोबांनी बंदुकीची नळी कधी कापली गो?" तिला कुणी हे कधी विचारलंच नव्हतं. पावसाळाभर बंदूक भिंतीला टांगलेली, आणि कुंभारीण माशीने डाव्या नळीच्या तोंडात मातीचं घर केलेलं. आत न बघता बार काढला. "बापाशीन बार काडल्यान नि नळयेचा तोंड केळफुलासारखा फुलला," ती म्हणाली. आजोबांच्या कानाला सहा महिने दडा बसला होता. मग कुणी कारागीर गाठून फाटलेली डावी कापली, आणि दोन्ही सारख्या दिसाव्यात म्हणून उजवीही. कधी? "तेव्हा गोयात पोर्तुगीज होते."

म्हणजे डिसेंबर १९६१ च्या आधी. १९५९ चा कायदा अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ ला.

माझ्या अहवालात मी तिची गोष्ट पुरावा म्हणून घातली नाही. नळ्या याच बंदुकीच्या, दोन्ही तोंडाशी अंदाजे दोन इंच कापलेल्या, व्यास प्रूफच्या मर्यादेत, कापण्याचा काळ धातूवरून ठरत नाही, एवढं लिहिलं आणि शेवटी एक ओळ जोडली: डाव्या नळीत अडथळा येऊन तोंड फाटल्याच्या कौटुंबिक आठवणीला मोजमापांत कुठे छेद जात नाही. आतेचं प्रतिज्ञापत्र त्यांनी वेगळं दिलं. दोन हेलपाटे झाले. दिवाळीनंतर नोंद दुरुस्त झाली.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. बंदुकीबरोबर काडतुसांचे दोन डबेही जमा होते, दोन्ही ७० मिलिमीटरचे. काडतुसाचं घर मोजलं तर मूळचं, अडीच इंचांचं. कुणी वाढवलेलं नाही. त्याला ६५ चं काडतूस लागतं. ७० चं आत जातं, गंमत तीच आहे. ७० ही उडाल्यानंतरची लांबी. भरलेलं असताना त्याचं तोंड दुमडलेलं असतं म्हणून ते आखूड असतं आणि बिनबोभाट बसतं. उडताना दुमड उलगडते ती घराच्या पुढच्या अरुंद उतारात, छर्‍यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. वडील वर्षानुवर्षं हीच काडतुसं वापरत होते. "बाबा म्हणायचे, ही बंदूक खांद्याला फार मारते," मुलगा म्हणाला.

दुकानदारांनी दोन्ही डबे उचलले, वर पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत "हिच्यासाठी नाही" असं लिहिलं आणि कपाटात मागच्या बाजूला सरकवले. पट्टीचा डाख पक्का करून घेईपर्यंत बंदूकही तिथेच राहायची आहे. आतेने निरोप पाठवलाय की आणाल तेव्हा तोंडात आधी बघा.